साप लांबतो कसा? जुन्या मोबाइल गेममधून प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा

२०२६-२७ पासून शाळांमध्ये तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि 'संगणकीय विचार' शिकवणार, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा धावपळ सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं ठरलं, तेव्हाही असंच झालं होतं. मग कोडिंग क्लासेसचं पेव फुटलं, घरोघरी प्रमाणपत्रं आली. एक तक्रार मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे: "पोराला सगळं येतं म्हणे, पण स्वतःहून काही बनव म्हटलं की गप्प बसतं."

पोराचा यात दोष नाही. आज व्हेरिएबल, उद्या लूप, परवा अटी असं सुटं सुटं शिकवत गेलं की प्रत्येक गोष्ट त्या त्या दिवशी कळते, पण त्या एकमेकींना कुठे भेटतात ते कधीच दिसत नाही. ते दाखवायला एखादी छोटी, पूर्ण होणारी वस्तू हवी. माझ्या मते त्यासाठी जुन्या नोकिया फोनवरच्या सापाच्या गेमइतकं चांगलं काही नाही. शिकणारा दहा वर्षांचा असो की पन्नाशीचा, फरक पडत नाही.

खेळच का, आणि इतका जुना का?

व्याजाचा हिशेब करणारा प्रोग्रॅम चुकला तर चुकीचा आकडा येतो, आणि नवशिक्याला तो चुकला आहे हे कळतही नाही. खेळ चुकला तर साप भिंतीतून आरपार जातो. चूक डोळ्यांसमोर घडते, हसू येतं, आणि ती दुरुस्त करायची खुमखुमीही येते. शिकवणाऱ्याने लाल पेन काढायची गरजच उरत नाही.

जुनाच खेळ का, याचं उत्तर साधं आहे. आजचा मोठा मोबाइल गेम शेकडो माणसं मिळून काही वर्षं बनवतात. १९७० च्या दशकातले खेळ एकटादुकटा माणूस बनवत असे, आणि त्या काळच्या यंत्रांत जागाच एवढी कमी होती की अनावश्यक काही घुसवायची सोयच नव्हती. उरायची ती खेळाची हाडं. नवशिक्याला तीच बघायची असतात.

हा मार्ग काही नवा नाही. १९७२ मध्ये अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न नावाचा तरुण इंजिनिअर नोकरीला लागला. हात बसावा म्हणून कंपनीचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांनी त्याला सरावाचं काम दिलं: पडद्यावर दोन फळ्या आणि एक चेंडू. त्या सरावातून 'पाँग' तयार झाला आणि दुकानांत, बारमध्ये तुफान चालला. गंमत म्हणजे त्यात प्रोग्रॅम नव्हताच, सगळा खेळ तारा आणि चिपांच्या जोडणीतून उभा केला होता. आपल्याकडे १९८४ च्या सुमारास सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. पडदा, कळफलक आणि बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा एवढाच त्यांचा संसार. त्या पिढीतल्या अनेकांनी पहिला प्रोग्रॅम म्हणून काहीतरी हलणारं, उडणारं, आपटणारंच लिहिलं.

मग सापच का निवडायचा?

कारण तो आपल्या ओळखीचा आहे. सापाचं मूळ १९७६ च्या 'ब्लॉकेड' या अमेरिकी आर्केड (नाणं टाकून यंत्रावर खेळायच्या) खेळात सापडतं. त्यात दोन खेळाडू आपापल्या मागे भिंत सोडत जात आणि जो आधी आपटेल तो हरे. नोकियात काम करणाऱ्या तानेली अर्मांतो यांनी हा खेळ फोनवर आणला आणि १९९७ च्या नोकिया ६११० वर तो पहिल्यांदा दिसला. पुढे ३३१० वर आला तो 'स्नेक २'. त्या ३३१० चा पडदा होता आडवे ८४ आणि उभे ४८ ठिपके, म्हणजे सगळे मिळून ४,०३२. आजच्या फोनवर ॲपचं एखादं चिन्हसुद्धा याहून जास्त ठिपक्यांत काढतात. तेवढ्या जागेत एसटीची वाट बघणाऱ्या कितीतरी लोकांचे तास निघून गेले.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सापाचे नियम सगळ्यांना तोंडपाठ असतात: खाऊ खायचा, लांब व्हायचं, भिंतीवर किंवा स्वतःच्याच अंगावर आपटायचं नाही. काय बनवायचं हे समजावण्यात वेळ जात नाही, सगळं डोकं कसं बनवायचं यावर लागतं.

पडद्यामागे काय असतं?

इथे पहिला धक्का बसतो. संगणकाच्या लेखी सापच नसतो. असतो तो चौकटींचा एक पट, समजा २० बाय २० चा. प्रत्येक घराला दोन आकड्यांचा पत्ता: कितवा रकाना आणि कितवी ओळ. मोजणी शून्यापासून, म्हणून पत्ते ० ते १९. २० हा पत्ता नसतोच, आणि पहिल्या आठवड्यातल्या निम्म्या चुका इथेच होतात.

साप म्हणजे अशा पत्त्यांची यादी. (१०,१०), (९,१०), (८,१०) ही तीन घरांची यादी म्हणजे तीन घरांचा साप. पहिला पत्ता डोक्याचा, शेवटचा शेपटीचा. खाऊ म्हणजे आणखी एक पत्ता. दिशा म्हणजेही दोनच आकडे: उजवीकडे जायचं तर (१,०), डावीकडे (-१,०). गुण हा एक आकडा. जी किंमत लक्षात ठेवायची तिला नाव दिलं की झाला व्हेरिएबल. या चार नावांत अख्खा खेळ मावतो. वीज गेली आणि हे चार तपशील कागदावर लिहून ठेवलेले असले, तर खेळ जिथे थांबला तिथून पुन्हा सुरू करता येईल.

प्रोग्रॅमिंगमध्ये याला 'स्थिती' म्हणतात. बँकेचं ॲप असो की रेल्वेचं आरक्षण, बनवणारा आधी हेच विचारतो: नेमकं काय काय लक्षात ठेवायचं? पडद्यावर दिसणारा हिरवा साप ही त्या यादीवरून दर वेळी नव्याने काढलेली आकृती असते, एवढंच.

साप चालतो तेव्हा काय हलतं?

"साप एक घर पुढे कसा न्यायचा?" असं विचारलं तर जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, प्रत्येक तुकडा एकेक घर पुढे सरकवायचा. चालेल. पण मग वळणावर प्रत्येक तुकड्याची दिशा वेगळी, ती लक्षात ठेवा, साप पन्नास घरांचा झाला की पन्नास हालचाली करा... लवकरच माणूस वैतागतो.

पावसाळ्यात अंगणात चिखल झाला की चार विटांवरून कसं जातो ते आठवा. पुढे जायचं म्हणून कोणी चारही विटा सरकवत नाही. सगळ्यात मागची उचलायची आणि पुढे टाकायची. मधल्या विटा होत्या तिथेच.

साप अगदी तसाच चालतो. डोक्याच्या पुढे एक नवं घर जोडा, शेपटीचं शेवटचं घर काढून टाका. वर दिलेला साप उजवीकडे जात असेल तर नवं डोकं (११,१०). यादी झाली (११,१०), (१०,१०), (९,१०). मधल्या कोणालाही हात लावला नाही आणि बघणाऱ्याला मात्र अख्खा साप सरपटल्यासारखा दिसला. साप तीन घरांचा असो की तीनशे, दर पावलाला कामं दोनच.

आता खाऊ खाल्ल्यावर तो लांबतो कसा? उत्तर इतकं सोपं आहे की ऐकणाऱ्याचा आधी विश्वासच बसत नाही: त्या एका पावलाला शेपूट काढायची नाही, बस्स. वाढवण्यासाठी वेगळं काही लिहावंच लागत नाही. हे ज्याचं त्याला सुचलं, तर त्या क्षणी त्याला प्रोग्रॅमिंगची गोडी लागते. म्हणून शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की ही युक्ती पहिल्याच दिवशी सांगून टाकू नका. मुलांना आधी तुकडे सरकवून वैतागू द्या.

एका पावलाचा हिशेब

खेळ म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा तीच ती कामं करत राहणं. असं पुन्हा पुन्हा करण्याला लूप म्हणतात. सापाच्या लूपची एक फेरी साध्या मराठीत अशी लिहिता येते:

नवं डोकं = डोकं + दिशा
नवं डोकं पटाबाहेर गेलं तर खेळ संपव
नवं डोकं खाऊवर आलं तर गुण एकाने वाढव, नाहीतर शेपूट काढ
नवं डोकं उरलेल्या अंगावर पडलं तर खेळ संपव
नवं डोकं यादीत सगळ्यात पुढे लाव
खाऊ खाल्ला असेल तर नवा खाऊ ठेव
सगळं पुन्हा काढ, जरा थांब, पहिल्या ओळीवर जा

सात ओळी. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे चाळीस-पन्नास ओळींत बसतं, पण विचार इथेच संपलेला असतो. ओळींचा क्रम मात्र हलवून बघण्यासारखा आहे. तिसरी आणि चौथी ओळ अदलाबदल करा. बहुतेक वेळा काहीच बिघडणार नाही. पण चार घरांचा साप दोन बाय दोनच्या चौकोनात गोल गोल फिरवलात तर तो उगाचच मरेल, कारण डोकं ज्या घरात जातंय ते घर शेपूट त्याच पावलाला सोडणार होती, आणि आपण आधीच निकाल देऊन मोकळे झालो. मुलगा ओरडणार, "मी कुठे आपटलो?" आणि त्याचं बरोबर असणार.

'जरा थांब' हेही काळजीपूर्वक लिहायचं. संगणक जमेल तितक्या वेगाने फेऱ्या मारू लागला तर साप दिसायच्या आत भिंतीवर आपटेल. जुन्या काळी अनेक खेळांचा वेग प्रोसेसरच्या वेगालाच बांधलेला असायचा आणि नव्या संगणकावर ते खेळता येईनासे झाले. कधी कधी मात्र अशा मर्यादेतून खेळच रंगला. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातील तसे उरलेले जास्त वेगाने चाल करून येतात. कमी आकृत्या काढायच्या राहिल्या म्हणून यंत्र भराभर काम करू लागलं, आणि खेळाचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं.

सगळं चालतंय, तरी साप मरतो

आता खरी मजा. साप तयार आहे, चालतो, खातो, लांबतो. त्याने उलट वळू नये म्हणून एक अट घातलेली आहे: आत्ताच्या दिशेच्या बरोबर विरुद्ध बटण दाबलं तर दुर्लक्ष कर. उजवीकडे जाताना डावं बटण चालणार नाही. चोख.

मग कोणीतरी चपळ बोटांचं पोर येतं आणि उजवीकडे जाणाऱ्या सापाला झटक्यात वर-डावं असं दाबतं. साप जागच्या जागी मरतो. दहा वेळा खेळून बघितलं तर एखाद वेळीच होतं, त्यामुळे आधी वाटतं भास झाला.

घडतं ते असं. दोन पावलांमध्ये साधारण १५० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात दोन्ही बटणं दाबली गेली. 'वर' हे उजवीकडच्या विरुद्ध नाही, म्हणून दिशा झाली वर. मग आलं 'डावं'. ते वरच्या विरुद्ध नाही, म्हणून दिशा झाली डावी. साप अजून तसूभरही हललेला नाही आणि दिशा मात्र पूर्ण उलटली. पुढच्या पावलाला डोकं मानेवर आपटतं.

प्रोग्रॅममधल्या अशा चुकीला बग म्हणतात. हा बग शिकवायला मला फार आवडतो, कारण यात एकही ओळ 'चुकीची' नाही. चूक समजुतीत आहे: 'आत्ताची दिशा' म्हणजे खेळाडूने शेवटी मागितलेली, की साप शेवटी चालला ती? दुसरी धरली, म्हणजे तुलना शेवटच्या चालीशी केली, तर साप वाचतो. पण मग खेळाडूचं दुसरं बटण वाया जातं, आणि त्याला तर झटकन मागे वळायचं होतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे दाबलेली बटणं रांगेत ठेवायची आणि दर पावलाला एकच घ्यायचं. 'वर' या पावलाला, 'डावं' पुढच्या.

असाच दुसरा लपलेला बग खाऊचा. नवा खाऊ ठेवताना सोपा मार्ग म्हणजे कुठलंही घर निवडायचं, तिथे साप असेल तर पुन्हा निवडायचं. साप लहान असताना उत्तम. पण ४०० पैकी ३९० घरं सापाने भरली की मोकळं घर सापडायला सरासरी ४० वेळा निवडावं लागतं. आणि शेवटचं घरही भरलं, म्हणजे खेळाडू जिंकला, की प्रोग्रॅम अस्तित्वातच नसलेलं मोकळं घर शोधत कायमचा अडकतो. जिंकणाऱ्याच्या नशिबी गोठलेला पडदा! मोकळ्या घरांची यादी करून तिच्यातून निवडलं की प्रश्न मिटतो. यादी रिकामी असेल तर अभिनंदन लिहायचं.

"आमचं गणित कच्चं आहे"

इथवर आलं त्याला बेरीज आणि पत्ते सोडून काय लागलं? एका ठिकाणी बाकी लागते. भिंतीवर आपटून मरण्याऐवजी साप पलीकडून यावा असं वाटलं, तर पत्त्याला २० ने भागून बाकी घ्यायची. १९ च्या पुढे २०, बाकी ०, साप डावीकडून बाहेर. उलट्या बाजूने पत्ता -१ झाला तर पायथन बाकी १९ देतं, जी आपल्याला हवीच होती. सी भाषा मात्र -१ देते आणि साप गायब होतो. भागाकारातली बाकी कशासाठी शिकवतात, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारत नाही.

आलेख कागदाची ओळख असेल तर एक सूचना. बहुतेक पडद्यांवर शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि खाली जाताना आकडा वाढतो, कारण जुन्या टीव्हीतला किरण वरून खाली ओळी काढत यायचा. वर जायचं तर वजा एक. पायथनच्या 'टर्टल'मध्ये मात्र शून्य मधोमध आणि वर म्हणजे अधिक, अगदी शाळेतल्यासारखं. टर्टल म्हणजे पडद्यावर रेघा काढत फिरणारं कासव. त्याचा उगम १९६० च्या दशकात सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी बनवलेल्या लोगो भाषेशी जोडलेला आहे. विंडोजवर पायथन टाकलं की नेहमीच्या मांडणीत ते सोबतच येतं, म्हणून सुरुवातीला तेच घ्यावं.

"इंग्रजी येत नसेल तर?"

लागतं, पण वाटतं त्याहून कमी. पायथनचे राखीव (भाषेने स्वतःसाठी ठेवलेले) शब्द चाळीसच्याही आत आहेत आणि सापासाठी त्यातले दहाएक पुरतात. नावं तर देवनागरीत देता येतात. 'साप', 'डोके', 'शेपूट', 'खाऊ' अशी व्हेरिएबलांची नावं पायथन ३ निमूट स्वीकारतं. नोकरीत कोणी असं लिहिणार नाही हे खरं, पण पहिल्या प्रोग्रॅममध्ये आपले शब्द कोणते आणि भाषेचे कोणते, हे नजरेलाच वेगळं दिसतं. कुठल्याही पुस्तकी स्पष्टीकरणापेक्षा ते जास्त कामाला येतं. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच लिहावे लागतात.

"हे तर एआय चुटकीसरशी लिहून देतं"

देतं. चालणारा साप देतं, रंगीतही देतं. म्हणूनच स्वतः लिहायचा तो साप हवा म्हणून नव्हे. सापाची टंचाई कधीच नव्हती.

वर आलेला दोन बटणांचा बग एआयने लिहिलेल्या कोडमध्येही असू शकतो. तो असेल तर "साप कधी कधी उगाच मरतो" एवढंच सांगून दुरुस्ती मिळेलच असं नाही. "दोन पावलांमध्ये दोन बटणं आली तर दिशा उलटते" असं सांगता आलं, तर मिळते. असं सांगता यायला सापाच्या पोटात एकदा जाऊन यावं लागतं. माझा हेकट सल्ला: पहिला साप एआय बंद ठेवून लिहा, अडलात तर माणसाला विचारा. पूर्ण झाल्यावर एआयकडून दुसरा लिहून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर वाचनाचा सूर वेगळाच लागतो.

"घरी लॅपटॉप नाही"

ही अडचण खरी आहे आणि गोड बोलून ती जात नाही. फोनवर पायथन चालवणारी ॲप आहेत, पण काचेवर टाइप करणं जिकिरीचं आणि बाणांची बटणंही नसतात. बाकी जुना, हळू चालणारा लॅपटॉप या कामाला भरपूर झाला. आणि तोही नसेल तर पट, यादी आणि त्या सात ओळी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने चालवता येतात: एक जण दिशा सांगतो, दुसरा खोडतो आणि लिहितो. मशीन शाळेच्या लॅबमध्ये आठवड्यातून एकदा मिळालं तरी मग तो तास टायपिंगला लागतो, विचार घरी झालेला असतो.

साप झाला, पुढे काय?

गुण वाढतील तसा वेग वाढवा, मध्ये भिंती घाला, दोन साप सोडा. प्रत्येक बदलात कुठलीतरी जुनी ओळ मोडेल, ते अपेक्षितच आहे. मग पाँग. त्यात चेंडू घराघराने न जाता तिरका, अपूर्णांकात जातो, आणि फार वेगात असेल तर दोन पावलांमध्ये फळीला न शिवता पलीकडे निघून जातो.

टेट्रिस तिसरा घ्यावा. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तो बनवला तेव्हा त्यांच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती, तुकडे कंसांच्या चिन्हांनी दाखवले होते. त्यामुळे पडदा साधा आहे ही सबब इथे चालत नाही. यात पट जरी ओळखीचा असला तरी वळवायचा तुकडा चार घरांचा असतो. भिंतीला चिकटलेला उभा तुकडा आडवा केला की त्याची काही घरं भिंतीत घुसतात. तेव्हा फिरवायलाच नकार द्यायचा की तुकडा आत सरकवून फिरवायचा, हे खेळाच्या साध्या नियमांवरून आपोआप ठरत नाही. ते बनवणाऱ्याने ठरवायचं.